अंबाड्यावरची टोपी

टोपी माझ्या अंबाड्यावर बसेना. यात्रा कमिटीचे अध्यक्ष दोन्ही हातांनी दाबत होते. ती घसरली, गजऱ्यात अडकली, कानावर लोंबली. अख्खा मंडप हसला.

तळेघरच्या बाजूचं गाव. यात्रेचा दुसरा दिवस. आमच्या तमाशाची सकाळची हजेरी. हजेरीत गाव कलावंतांचा मान करतं. बाईची खण-नारळानं ओटी, गड्याला टॉवेल-टोपी. मी ढोलकी वाजवते. त्या दिवशी हिरवं नऊवारी नेसले होते, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या होत्या, थापेच्या आड येतात म्हणून. मी बाई आहे. जन्मले तेव्हा लोकांनी मला मुलगा समजलं, ती त्यांची चूक. मीही ती बावीस वर्षं चालवून घेतली.

अध्यक्षांनी माइकवर माझं शाळेतलं नाव पुकारलं. ते मी इथं लिहिणार नाही. वर म्हणाले, "आमचे ढोलकीवाले भाऊ!"

आता माझी चूक ऐका. हशा कानावर पडला की मला राहवत नाही. मी टोपी तिरकी केली, ढोलकीवर एक कडक थाप दिली आणि सॅल्यूट ठोकला. शिट्ट्या! वन्समोर! मी वन्समोरही दिला. हौस केवढी!

पुढच्या वर्षी टोपी ताटात आली, पुढं हलगी वाजत. त्याच्या पुढच्या वर्षी माणसं कुस्तीच्या आखाड्यातली जागा सोडून माझी टोपी बघायला आली. मी केलेला विनोद गावानं रीत करून टाकला. तीन तास वाजवलेलं कुणाच्या लक्षात नसायचं. टोपी असायची.

यंदा मी ठरवून गेले. ओट्या सुरू झाल्या. आधी मंदाताई, आमच्या पार्टीची मालकीण. मग दोघी नाचणाऱ्या. चौथी मी जाऊन उभी राहिले, पदर पसरून. अध्यक्षांची सून ताट घेऊन आली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, नारळ उचलला.

माइक ओरडला, "आगं सूनबाई, तिकडं कुठं? त्यो गडी हाय!"

नारळ ताटात परत गेला. माझा पदर पसरलेलाच. वरून टोपी आली.

"भाऊ, सॅल्यूट व्हऊ द्या!"

मागून कुणीतरी टोमणा मारला, "न्हाईतर टाळी तरी वाजवा, राव!"

मंदाताई माझ्या कानाशी पुटपुटली, "कर गं एकदा. फुडल्या सालची सुपारी हाय."

वीस वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. ती मला "गं" म्हणते, आणि त्याच तोंडानं "सॅल्यूट कर" म्हणते. मला तेवढंच लागलं. गावाचं काय, गाव परकं.

मी टोपी काढली, नीट घडी घातली, अध्यक्षांच्या खुर्चीवर ठेवली. माइक घेतला.

"अध्यक्ष, ही तुमची. माझा मान पदरात घाला. डोक्यावर नको."

लोकांना वाटलं, नवीन आयटम आहे. टाळ्या पडल्या! काय करावं या माणसांना? खरं बोललं तरी तिकीट काढल्यासारखं बघतात.

मग मी पिशवीतून पाना काढला आणि सगळ्यांसमोर ढोलकीचे नट एकेक करून सैल केले. थाप मारून दाखवली. भद्द. ओल्या पोत्यावर मारल्यासारखी. शेवटची लावणी राहिली होती आणि ढोलकीशिवाय ती उभी राहत नाही. मंडप गप्प झाला. त्या गावात पहिल्यांदा लोकांनी माझी ढोलकी ऐकली, ती वाजेनाशी झाल्यावर.

ओटी कुणी भरली नाही, शेवटची लावणीही झाली नाही. सून मान खाली घालून निघून गेली. मंदाताई घोडेगाव येईपर्यंत बोलली नाही. तिथून नारायणगावपर्यंत बोलली, त्या सगळ्या शिव्या.

आता सुपारी ठरतानाच मी विचारते: माइकवर नाव कोणतं, मान कसला? माणूस चुळबुळला की मला उत्तर कळतं. विनोद अजून करते, लई करते. पण माझ्या अंगावरचा विनोद दुसऱ्याच्या हातात देत नाही.

त्या गावची यात्रा पुन्हा येईल. मी जाणार. तीन तास वाजवणार आणि चौथी उभी राहणार, पदर पसरून. नारळ आला तर शेवटची लावणी होईल. नाही आला तर पाना पिशवीत आहे. टाळ्या गावानं वाजवाव्यात आणि त्यावर लावणी बघावी.