आज आप्पांना शेवाळ हुंगायला लावलं

आज सकाळी गावी, खुटबावला, आमच्या गोठ्यात, मी चुलत्यांशी भांडले. पहिल्यांदाच.

मी समुद्रातल्या खायच्या तपकिरी शेवाळावर पीएचडी करते. आमचे थोरले चुलते, आप्पा, कडबाकुट्टीच्या यंत्रात हिरवा मका सारता सारता घरच्यांना म्हणाले, "आपल्या दौंडात समुद्र हाय का? शेवाळ शिकून काय करणार? लग्नाचं बघा आता हिच्या."

एरवी मी गप्प बसते. आज न्हाई बसले. लॅबमधून बर्फाच्या डब्यात आणलेला ताजा तुकडा तळहातावर चुरडला आन् त्यांच्या नाकाखाली धरला.

"काकडी व्हय गं?"

"न्हाई आप्पा, शेवाळच. चुरडलं की त्यातले एन्झाइम त्यातलंच फॅटी ॲसिड तोडतात, तवा हा वास सुटतो. तुमच्या कुट्टीतून मक्याचा हिरवा वास येतो ना, तोबी असाच तयार होतो. जन्मभर घेतलात, पण का येतो ते कवा विचारलंत?"

आप्पा मूठभर कुट्टी उचलून हुंगत राहिले.

लग्नाचा विषय संध्याकाळी परत निघेल, माहितीय मला. निघू दे. दौंडात समुद्र न्हाई, कबूल. पण म्हणून मी तो शिकायचा न्हाई, हे कुणी ठरवलं?