काकाचं चालत नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच कळत नाही. दाराला कडी लावून लिहायला बसलोय, तेही दिवसाढवळ्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

धुळ्यात एका सरकारी कचेरीत मी लिपिक आहे. दोन वर्षांनी निवृत्त होईन — कागदावरच्या वयानं. खऱ्या वयानं गेल्याच वर्षी घरी बसायला हवं होतं.

आम्ही पावरा, आदिवासी. आईबाप सातपुड्याच्या पलीकडून, मध्य प्रदेशातून, चोपड्याकडे एका शेतकऱ्याच्या केळीत सालदार म्हणून आले, तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. धाकटा लहान्या इकडे आल्यावर झाला, सरकारी दवाखान्यात. नोंदीत बाळाचं नाव नव्हतं — नुसतं 'मुलगा' आणि आमच्या बापाचं नाव. पुढे आश्रमशाळेचे गुरुजी पोरं गोळा करायला आले. म्हणाले, इकडच्या जन्माची नोंद असली तर जातीचा दाखला सोपा जाईल. बापानं तो कागद माझ्या हाती दिला. मी नऊ वर्षांचा, कागदावर सहाचा झालो. लहान्या म्हशींमागे गेला.

त्यात तुमचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. ते मी स्वतःला पुष्कळदा म्हणून झालंय. माझा गुन्हा पुढचा आहे.

त्या एका कागदावर दाखला मिळाला, वैधता मिळाली, नोकरी लागली, फ्लॅट झाला. मुलगा त्यावरच इंजिनियर झाला. लहान्या अजून केळीचे घड वाहतो. त्याच्या खांद्याकडे माझ्यानं बघवत नाही.

चार वर्षांपूर्वी तो धुळ्याला आला. त्याची रविना बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती, नर्सिंगला नंबर लागत होता. फक्त जातवैधता हवी होती, आणि लहान्याकडे इकडचा एकही जुना कागद नव्हता — असणार कसा? सेतूवाल्यानं त्याला सांगितलं होतं, सख्ख्या काकाची वैधता जोड, वंशावळीवर त्याची सही आण. म्हणजे माझ्याकडून हवं काय होतं? एक झेरॉक्स आणि एक सही.

पण वंशावळ आली की चौकशी आली. कोणीतरी गावात जाणार, विचारणार — बाप कधी आला? तेव्हा पोरं किती होती? कोणतं कुठं जन्मलं? नोकरी, पेन्शन, मुलाची डिग्री, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि पुतणी? खरं सांगतो — ती मला त्या वेळी आठवलीच नाही.

"नियम बदलला," मी म्हणालो. "आता काकाचं चालत नाही. बापाचंच लागतं."

माझ्या घरात पावरी बोललेली मला खपत नाही, म्हणून तो माझ्याशी खानदेशीत बोलतो. म्हणाला, "तू शिकेल शे दादा, तुलेच ठाऊक."

चहा घेऊन तो एस.टी.ला गेला. मुदत टळली. रविना केळी कापणाऱ्यांच्या टोळीत जाऊ लागली.

मी अजून भितो. टेबलावर पाकीट आलं की आधी पाठवणाऱ्याचं नाव बघतो. लहान्याचा फोन वाजला तरी धसका बसतो — कोणी सांगितलं असेल का त्याला, की काकाचं तेव्हाही चालत होतं?

या वैशाखात रविनाचं लग्न झालं. पत्रिकेत माझं नाव सगळ्यात वर, हुद्द्यासकट. मांडवात लहान्यानं मला हाताला धरून व्याह्यांपुढे नेलं आणि सांगू लागला, पोरीच्या शिक्षणासाठी दादानं फार धावपळ केली, पण नियमच आडवा आला. रविना शेजारीच उभी होती. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. व्याही माझ्याकडे बघत होते. ते काही विचारतील, या भीतीनं मी घाईघाईनं तोंड उघडलं.

"हो," मी म्हणालो, "खूप प्रयत्न केला."