केळीचा चीक

केमिस्ट्रीत बी.एस्सी. होऊनही सात वर्षं नोकरी मिळेना, तेव्हा मी जळगावला नर्सिंगला प्रवेश घेतला. वर्गातल्या बारावी झालेल्या मुली मला अक्का म्हणत. सुट्टीला यावलला गेले की घरच्या बागेत केळी कापायचे. केळीचा चीक हाताला लागला की काळा पडतो आणि कितीही घासला तरी आठ-दहा दिवस जात नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशीही मी बागेत होते. मूर्खपणा माझाच.

परीक्षक मॅडमनी हात पाहून धुऊन यायला सांगितलं. मी तीनदा धुऊन आले. केमिस्ट्रीची पदवी तिथे काही कामाची नव्हती. शेवटी खाटेवरची चोपड्याकडची आजीच म्हणाली, "केळीना चीक शे तो, बाई. निंघत नही." मॅडमनी मला पेशंटला हात लावू दिला नाही. त्या खेपेला मी नापास झाले.

पुढच्या खेपेला सुटले, सिस्टर झाले. बागेत परत पाय ठेवला नाही.

आता शिकाऊ मुली माझ्या हाताखाली येतात. परवा एकीचे हात काळे दिसले. डाग कसला ते मी लगेच ओळखलं. तरी म्हणाले, हात धुऊन ये. ती धुऊन आली. मी तिला पुन्हा पाठवलं.