सुतकातला मोसेम

बाबा गेले त्याच्या बाराव्या दिवशी मी जत्रेला गेलो. हे ऐकून आमच्याकडचे लोक कानांवर हात ठेवतील. ठेवू देत.

साल २०१६. ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या एका गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवायचो. शिकायला आलेल्या पोराची गाडी फिरून फिरून तिथं येऊन थांबली होती. रेसिडेन्सीचा अर्ज आत पडून होता आणि हातात होता इंटरिम व्हिसा. तो असताना देशाबाहेर पाऊल टाकलं की व्हिसा संपतो, म्हणजे चार वर्षं पाण्यात. त्यामुळे मी गेलो नाही. अग्नी भावानं दिला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या पाळीला हजर होतो.

इथं कोणालाही सांगितलं नाही. सांगणं अवघड होतं अशातला भाग नाही, नुसतं सांगावंसं वाटत नव्हतं. खरं तर काहीच वाटत नव्हतं. अवोन्डेलला एका घराच्या मागच्या खोलीत मी एकटा राहायचो. आल्यावर भात लावायचा, खायचा, पातेलं घासायचं, झोपायचं. झोपही छान लागायची. आपला बाप गेला आणि आपल्याला झोप लागते, याची मला फार लाज वाटायची. दिवसातून दोनदा मी स्वतःला मुद्दाम आठवण करून द्यायचो, बाबा गेले. डोळे कोरडेच. दहाव्याला बाथरूमच्या आरशासमोर मीच रेझरनं डोकं गुळगुळीत केलं. कानामागे दोन ठिकाणी कापलं, तेही समजलं नाही. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, "न्यू लुक, ब्रो? स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या बोलीत झकास. मी हसलो आणि कानटोपी खाली ओढली.

आता जत्रेचं. गोदामात पॅकिंगला मोरोक्कोचा एक माणूस होता, पन्नाशीचा, गप्पिष्ट. डोंगरातल्या खेड्यातला. डबा खाताना तो त्याच्या गावच्या मोसेमबद्दल बोलायचा. मोसेम म्हणजे त्यांची जत्रा, पिकं घरात आली की एका साधुपुरुषाच्या कबरीपाशी भरणारी. तंबू पडतात, लग्नं जुळतात, भांडणं मिटतात. घोडेस्वार एका ओळीत चौखूर दौडत येतात आणि सगळे एकाच क्षणी बंदुकांचा बार काढतात. आवाज एकच आला तर गावाची शान, दोन आले तर वर्षभर टिंगल. त्या वर्षी त्याची म्हातारी आई त्याच्याकडे राहायला आली होती आणि तिचा गावचा मोसेम चुकणार होता. म्हातारीनं अन्नपाणी गोड लागू दिलं नाही, तेव्हा ह्यानं शहराबाहेरचं एक शेत एका दिवसापुरतं मागून घेतलं आणि इथल्या दहा-बारा मोरोक्कन घरांना बोलावलं. मलाही. बाबा असतानाच मी हो म्हणून बसलो होतो. शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन दारात उभा राहिला. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, म्हणून बसलो गाडीत.

शेतात गवत ओलं होतं आणि वारा असा की तंबू धरायला चार माणसं लागत होती. पुरुष मंडळी जाळ करून डफासारखी वाद्यं शेकत होती, आपल्याकडे हलगी शेकतात तशीच. मग बाया आणि पुरुष खांद्याला खांदा लावून एका लांब ओळीत उभे राहिले आणि जागच्या जागी डुलत गाऊ लागले. शेतमालकाचे दोन घोडे आणि एक लठ्ठ पोनी एवढीच फौज होती. बंदुका कुठल्या आणायच्या, म्हणून स्वारांच्या हातात फुगे आणि टाचण्या. दौडत आले आणि फुगे लाह्यांसारखे फुटले, फट्, फट्, बऱ्याच वेळानं आणखी एक फट्. सगळं शेत हसून लोळलं. मीही हसलो. तोंड हसत होतं एवढंच.

तंबूत मात्र उकडत होतं. मित्राची आई चहा ओतत होती, किटली हातभर उंच धरून, पुदिन्याचा, भरपूर साखरेचा. घाम आला म्हणून मी कानटोपी काढली. म्हातारीनं माझं डोकं पाहिलं, किटली खाली ठेवली आणि जिभेनं आनंदाचा असा काही लांब किलकारा काढला की बाहेरची वाद्यं थांबली. बाया आत धावल्या, त्यांनीही सूर धरला. तिनं माझे हात धरून कपाळाला लावले. "मबरूक, मबरूक!" म्हणजे आपलं मुबारक.

मित्राची बायको हसत इंग्रजीत सांगू लागली, "तुम्ही मक्केची यात्रा करून आलात असं वाटलंय त्यांना. यात्रेनंतर आमच्याकडे मुंडण करतात ना. त्यांच्या गुडघ्यासाठी दुवा मागा म्हणतात."

हिंदू आहे एवढं सांगून सुटता आलं असतं. पण म्हातारीनं डोळे मिटले होते आणि ती माझ्या दुवेची वाट बघत होती. तिला अर्धवट सांगून टाळणं काही मला जमेना.

"यात्रा नाही," मी म्हणालो. "माझे वडील गेले. आमच्यात मुलं मुंडण करतात."

ते वाक्य मी पहिल्यांदाच बोललो होतो. सुनेच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं सांगितलं तशी म्हातारी माझे हात न सोडता एकेक विचारत गेली आणि सून इंग्रजीत सांगत गेली.

"कधी?"

"बारा दिवस झाले."

"बारा दिवस जेवण कोणी आणलं?"

मृताच्या घरी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी आणून घालायचं, हे त्यांच्यातही आहे तर.

"मीच करत होतो," मी म्हणालो.

म्हातारीनं मुलाला हाक मारली. तो फुटक्या फुग्याची दोरी हातात घेऊन आला आणि सगळ्यांसमोर बोलणी खात उभा राहिला. शेजारी काम करतोस आणि तुला पत्ता नाही? भाषा कळत नसली तरी एवढं कळत होतं. मी मध्ये पडलो. "त्याची चूक नाही. मी कोणालाच सांगितलं नव्हतं."

सुनेनं तेही सांगितलं. मग म्हातारी माझ्याकडे वळली आणि मला झाडायला लागली. बोट नाचवून, मांडीवर हात आपटून. सून भाषांतर करायची थांबली, गरजच नव्हती. बारा दिवस आई आणि भाऊ फोनवर माझ्याशी जपून बोलत होते, जेवलास का, बरा आहेस ना, काळजी घे. मलाही तेच हवं आहे असं मी धरून चाललो होतो. खरं तर मला रागवणारं कोणीतरी हवं होतं.

माझ्या घशातून एक विचित्र आवाज निघाला आणि मी भर तंबूत, परक्या बायांसमोर, ओक्साबोक्शी रडायला लागलो. म्हातारीनं माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं. रागवायची मात्र थांबली नाही.