संडासापर्यंतची तीस पावलं

बोरी बुद्रुकच्या शिवारात आमचं घर गावापासून लांब, मळ्यात आहे. दोन बाजूंना ऊस, समोर टोमॅटोचं रान आणि मागच्या अंगाला, घरापासून तीस पावलांवर, संडास. घर बांधलं तेव्हा सासऱ्यांचं म्हणणं होतं की असली घाण घराला चिकटून नको. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तेव्हा उसात फार तर कोल्हा असायचा.

मी सांगते आहे त्या वर्षी टोमॅटोला चांगला भाव मिळाला. सगळं भागून हातात पैसे उरले, असं माझ्या संसारात पहिल्यांदाच झालं. मला स्वयंपाकघर नवं करायचं होतं. घोडेगावला धाकट्या बहिणीकडे मी काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आणि त्याखालच्या स्टीलच्या ट्रॉल्या पाहून आले होते. येताना एसटीत मनातल्या मनात आमचे डबे त्या ट्रॉल्यांमध्ये लावत होते. माझा जुना ओटा एका बाजूनं खचलेला. त्यामुळे नवा ओटा ही गरजच आहे, असं मी घरात सगळ्यांना पटवलं होतं, आणि स्वतःलाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. तुम्हाला काय हवं, असं मी त्यांना विचारलं होतं. मला काय लागतंय, म्हणाल्या. आम्ही ते खरं धरलं.

त्याच वर्षी थंडीत एका दुपारी, साडेचारच्या सुमाराला, मी संडासाचं दार उघडलं आणि पाय बाहेर टाकायच्या आधीच थबकले. घराच्या आणि माझ्या मधोमध, कपडे वाळत घालायच्या तारेखाली बिबट्या बसला होता. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. लख्ख ऊन होतं. तो माझ्याकडे बघतही नव्हता. त्याचं तोंड घराच्या मागच्या दाराकडे होतं, आणि दार उघडं होतं. आत आत्या लसूण सोलत बसल्या होत्या. मला त्यांचा पसरलेला पाय दिसत होता.

ओरडले असते तर काय झालं म्हणून त्या उठून बाहेर आल्या असत्या. मी हळूच दार ओढून घेतलं आणि कडी लावली. पत्र्याचं दार खालून गंजानं खाल्लेलं, हातभर फट पडलेली. त्या फटीकडे बघत मी भिंतीला चिकटून उभी राहिले. त्याच्या चालण्याचा आवाज होत नाही, हे मला ऐकून ठाऊक होतं. तो उठला की नाही, आत गेला की नाही, काहीच कळत नव्हतं. माझे दात वाजत होते आणि ते त्याला ऐकू जातील असं वाटून मी तोंडात पदर कोंबला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग यांचा ट्रॅक्टर आला. यांनी त्याला पाहिलं, हॉर्न दाबून धरला, आणि तो उठून, अजिबात घाई न करता, उसात शिरला.

दुसऱ्याच दिवशी हे आळेफाट्याहून चार कॅमेरे घेऊन आले. जे काय अंगणात हलेल ते मोबाइलवर दिसणार होतं. मी एका शब्दानं विरोध केला नाही. त्या दिवशी मला जगातली कुठलीही वस्तू गरजेची वाटली असती. वनखात्याच्या लोकांनी पिंजरा लावला, पण तो त्यात आला नाही.

कॅमेऱ्यांनी झालं एवढंच की भीती अंगणातून हातात आली. कुत्रं गेलं तरी मोबाइल वाजायचा, वाऱ्यानं ऊस हलला तरी वाजायचा. दोनदा खरंच तो दिसला, दिवस मावळायच्या बेताला, संडासाच्या वाटेवरून निवांत जाताना. मग तर मी तव्यावर भाकरी टाकून मोबाइलच बघत बसायची. संडास मात्र होता तिथेच होता. तो हलवावा, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ओट्यासाठी गवंडी ठरला, दगड पसंत झाला. आणि आत्या आजारी पडल्या. थंडी वाजून ताप, ओटीपोटात कळा. आळेफाट्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि दिवसाला पाणी किती पिता, असं विचारलं. आत्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. सकाळी चहा आणि जेवताना घोटभर, म्हणाल्या. बाईंनी कारण विचारलं.

"पानी पिलं का जावं लागतं," आत्या म्हणाल्या. "आन् भाईर तो बसलेला असतो."

लघवीच्या जागेला जंतुसंसर्ग झाला होता. अजून उशीर केला असता तर मूत्रपिंडावर गेलं असतं, असं बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी ऐकत होते आणि आठवत होते. आत्यांच्या उशाचा तांब्या महिनाभर भरलेलाच राहत होता. मी रोज सकाळी तो ओतून पुन्हा भरत होते आणि थंडी आहे म्हणून तहान नसेल, असं समजत होते. खरं तर तीननंतर पाणी मीही सोडलं होतं. बारावीतली माझी मुलगीसुद्धा शाळेतूनच जाऊन यायची. तिघींनी आपापली सोय लावून घेतली होती आणि एकीनं दुसरीला सांगितलं नव्हतं. यांना कळायचं कारणच नव्हतं. पुरुषमाणूस बांधाला उभा राहून मोकळा होतो.

परतताना गाडीत मी आत्यांना विचारलं, मला सांगायचं नाही का?

"तुला वटा करायचा व्हता," त्या म्हणाल्या. "मी कशाला मधी येऊ?"

घरी येऊन मी यांना सांगितलं की आधी संडास घरात घ्यायचा. हे लगेच हो म्हणाले. गवंड्यानं मापं घेतली, तेव्हा पाइप आणि शोषखड्ड्याच्या हिशेबानं जागा निघाली ती नेमकी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. म्हणजे ओटा नवा होणं राहिलंच, होता तोही अर्धा होणार. दोन्ही बसवता येईल का, असं मी त्याला तीनदा विचारलं. आत्या आत तापानं कण्हत होत्या आणि मी ट्रॉल्यांसाठी घासाघीस करत होते. नंतर मागच्या भिंतीआड जाऊन मी रडले. ते रडू भीतीचं नव्हतं, आत्यांसाठीही नव्हतं.

भिंत फोडली तेव्हा चार दिवस तिथे भगदाड होतं, नुसता पत्रा टेकवलेला. त्या चार दिवसांत मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसले नाही. मग काम झालं. आत्या बऱ्या झाल्या.

भीती गेली, असं मी म्हणणार नाही. परवाच वाघानं शेजारच्या मळ्यातून शेळी नेली. मुलगी आता आळेफाट्याला कॉलेजात जाते. एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता दोन्हीकडून उसातून येतो. गेल्या महिन्यात तिनं स्कूटी मागितली. मैत्रिणींकडे आहेत, म्हणाली. पूर्वी मी हौस म्हणून उडवून लावलं असतं. या वेळी मी काही बोलायच्या आधी विचारलं, थांब्यापासून घरी कशी येतेस?

ती खाली बघत म्हणाली, "पळत."

यांनी जुनी एक गाडी बघून ठेवली आहे, पुढच्या आठवड्यात मिळेल. तोवर रोज पाच वाजता मी हातात काठी घेऊन थांब्यावर जाते. जाताना मी एकटी असते.