बातमी फुकट मिळेल

नोकरी सुटते, पण तिथली माणसं आपल्या मनात बोलायची थांबत नाहीत. जुन्या स्टाफपैकी कोणी भेटलं की एक किस्सा निघतो, त्याच्यामागून दुसरा.

सत्तरच्या दशकात मी सीताबर्डीवर एका वृत्तसेवेत टायपिस्ट होते. कापडाच्या दुकानावर दोन खोल्या आणि स्टेन्सिलवरून प्रती काढायचं एक सायक्लोस्टाइल मशीन. राज्यातल्या बातम्या आम्ही विदर्भातल्या छोट्या साप्ताहिकांना पाठवायचो, अगदी फुकट. खर्च कापसाच्या जिनिंग गिरण्यांच्या मालकांचं एक मंडळ करायचं. सरकारनं कापूस खरेदीत पडू नये, ही मंडळाची मागणी. बातमीवर मंडळाचं नाव मात्र कधी नसायचं. संपादक वामनराव, बातमीदार मेश्राम आणि मी, एवढाच स्टाफ.

* * *

मंडळाचे सेक्रेटरी एकदा आम्हाला भाषा शिकवायला आले.

"आपल्या मोर्चात जनता असते," ते म्हणाले. "सरकारच्या बाजूनं सभा झाली, तर तिथे जमाव असतो."

मेश्रामनं विचारलं, "आणि आपल्या मोर्चाले कोणी आलंच नाही तर?"

"तर त्या दिवशी मोर्चा नव्हता."

* * *

यवतमाळकडच्या एका साप्ताहिकाचे मालक आभार मानायला आले. सोबत पेढे आणले होते.

"तुमच्या बातम्यांवर माझा पेपर निघून राहिला," ते म्हणाले.

मेश्राम म्हणाला, "पैसे कोण देते, बातमी खरी की खोटी, तुम्ही कधी विचारलं नाही."

"विचारलं तर पाठवणं बंद कराल ना गा," ते शांतपणे म्हणाले आणि पेढ्याचा डबा पुढे केला.

* * *

मेश्राम सरकारी कापूस खरेदी केंद्रं फिरून आला. काही ठिकाणी हाल होते, काही ठिकाणी शेतकरी खूश होते. त्यानं दोन्ही लिहिलं. वामनरावांनी खूश असलेले शेतकरी काढून टाकले.

मेश्राम कापलेला कागद घेऊन समोर उभा राहिला.

"मी खोटं अक्षर घालत नाही, मेश्राम," वामनराव म्हणाले. "फक्त कापतो."

त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

* * *

पुढच्या रविवारी मेश्राम गावी गेला. वडील ओसरीवर साप्ताहिक वाचत होते. त्यांचा स्वतःचा कापूस नुकताच केंद्रावर गेला होता, भावही चांगला मिळाला होता.

"आपल्याच सेंटरवर बरं होतं म्हणायचं," ते म्हणाले. "बाकी सगळीकडे लोकायचे हाल चालू आहेत."

"नाही बाबा, तसं नाही."

"पेपरात छापून आलं. तू काहून नाही म्हणून राहिला?"

"बाबा, ते मीच लिहिलं."

वडिलांचा चेहरा खुलला. "मंग तर खरंच असंल."

* * *

हा शेवटचा किस्सा. यानंतर मंडळानं त्या महिन्यातच आमच्या ऑफिसला कुलूप लावलं.

मंडळाच्या एका सभासदाच्या जिनिंगची भिंत पडली आणि सुमन नावाची मजूर पोरगी तिच्याखाली गेली. मेश्राम जाऊन आला, त्यानं सगळं लिहिलं. बाहेर गेलेली बातमी अशी होती: जिनिंगची भिंत कोसळली, सरकारी तपासनिसांचा हलगर्जीपणा. त्यात सुमन नव्हती.

काही दिवसांनी दुपारी एक बाई जिना चढून आली. हातात साप्ताहिक होतं.

"मी सुमनची माय," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं यात आलं, लोकं म्हणते. मले वाचता येत नाही. वाचून दाखवा, साहेब."

वामनरावांनी पेपर घेतला, चष्मा लावला.

"सुमन दुपारची भाकर खाऊन कामावर परतली," ते वाचू लागले. "भिंतीला जुनी भेग होती. मजुरांनी मालकाला सांगितलं होतं. मालकानं काम थांबवलं नाही. सुमन भिंतीखाली सापडली आणि जागीच गेली."

मेश्राम खुर्चीतून हलला नाही. ही त्याची बातमी होती. पेपरात त्यातलं एकही वाक्य नव्हतं.

"बरोबर आहे," बाई म्हणाली. "असंच झालं." तिनं पेपर परत घ्यायला हात पुढे केला.

वामनरावांनी पेपर घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. "बसा बाई. तुम्हाला चांगली प्रत देतो."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "स्टेन्सिल लावा." आणि तीच वाक्यं त्यांनी पुन्हा सांगितली, सावकाश.

टाइप झाल्यावर मी विचारलं, "एकच प्रत काढू ना?"

"रोज जातात तेवढ्या," वामनराव म्हणाले.