गाडीतल्या नोंदी

परवा हाताला पेट्रोलचा वास लागला आणि आई-बाबांच्या बागबाजारच्या घरासमोरची एक जुनी सकाळ आठवली. बाबांच्या जुनाट गाडीला मी हौसेनं कॉम्प्युटर बसवला होता. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे लॅपटॉपवर जुळवत होते. नजर अधू झाल्यापासून बाबांना गाडी चालवायला बंदी होती. रोज जागेवरच पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतो, असं ते सांगायचे. कॉम्प्युटरने ठेवलेल्या नोंदींमध्ये मात्र रोज सकाळी वेग दिसत होता, चाळीसपर्यंत.

“बाबा, गाडी बाहेर नेता?”

“छे! तुझं यंत्र चुकतंय.”

मला ते पटेना. मी आईकडे पाहिलं. ती मटार सोलत होती, मान वर न करता.

“मी असते ना शेजारी,” ती म्हणाली. “सिग्नल मी सांगते.”

“आणि कोणी आडवं आलं तर?”

मी किल्ली काढून पर्समध्ये टाकली. बाबा तापलेल्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

किल्ली घेतली ते बरोबरच होतं, असं आजही वाटतं. पण तेव्हा मला ती दोघं फक्त लबाड दिसली. निघताना आई हळूच म्हणाली होती, “तेवढा वेळ तरी हे माझं ऐकायचे गं.”